डाव्या दंडाचा लेखी खुलासा

माझ्या डाव्या दंडावर सध्या जो गोळा दिसतो तो व्यायामाने आलेला नाही, हे मी या खुलाशाद्वारे मान्य करतो. तोंडी मी वेगवेगळ्या लोकांना वेगवेगळं सांगितलेलं आहे, ते सगळं रद्द समजावं. तेहतीस वर्षं सरकारी कचेरीच्या आस्थापना शाखेत बसून मी दुसऱ्यांकडून खुलासे मागवले. कामावर उशिरा का आलात, रजा आधी मंजूर का करून घेतली नाही, दवाखान्याच्या बिलावरची तारीख दाखल्याशी का जुळत नाही. जानेवारीत निवृत्त झालो आणि पहिलाच खुलासा स्वतःचा लिहायची पाळी आली. तो कोणी मागवलेला नाही. माझ्या बायकोने, ताराने, मागवला असता तर बरं झालं असतं. ती मागवत नाही, आणि तेच मला जास्त लागतं.

सुरुवात कूलरपासून करतो. नागपुरात होळी झाली की माणूस आकाशाकडे बघत नाही, गच्चीकडे बघतो. तिथे ताडपत्रीखाली आठ महिने झोपलेला कूलर असतो. तो खाली आणायचा, घासायचा, जाळ्यांमधलं गवत बदलायचं, खिडकीत चढवायचा. महाल भागातल्या आमच्या तीन मजली इमारतीत आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो आणि गच्ची तिसऱ्याच्या वर आहे, म्हणजे दोन जिने. हे काम दरवर्षी धोंडबा करतो. धोंडबा हा कन्हानचा कूलर मिस्त्री, माझ्याच वयाचा, शब्दाला अगदी पक्का. म्हणजे ‘आजच येतो साहेब’ हा शब्द त्याने यंदा सलग अकरा दिवस पाळला, फक्त तो स्वतः आला नाही.

बाराव्या दिवशी पारा चाळीसला टेकला. मी जिन्यात उभा राहून धोंडबाला फोन लावत होतो तेव्हा तिसऱ्या मजल्यावरचे नत्थूजी खाली उतरत होते. नत्थूजी सत्तरीचे आहेत. गांधीबागेतल्या एका कापडाच्या दुकानात त्यांनी चाळीस वर्षं गठ्ठे उलगडले आणि आता कोणी बोलावत नसतानाही ते रोज सकाळी दोन तास तिथे जाऊन बसतात.

“काहून गिरिधरभाऊ, कूलर नाही उतरला अजून?” त्यांनी विचारलं.

“धोंडबा येऊन राहिला,” मी म्हणालो.

“वाट पाहा बाप्पा. आता तुम्ही रिटायर झाले. रिटायर माणसाने कूलरले हात नाही लावावा. कमरेतून जाते माणूस.”

एवढं बोलून ते गेले. त्यांचा हेतू चांगला होता, हे मला आज कळतं. त्या दिवशी मला फक्त ‘रिटायर माणसाने’ एवढंच ऐकू आलं. तारा बाजारात जाताना दारातून सांगून गेली होती, “मी येईपर्यंत कशाले हात लावू नका. आला धोंडबा तं ठीक, नाही तं उद्या पाहू.” दोन माणसांनी एका तासात मला एकच गोष्ट करू नको म्हणून सांगितल्यावर ती करण्याखेरीज माझ्यासमोर मार्ग उरला नाही. मी गच्चीवर गेलो.

कूलर खाली आणणं ही ताकदीची नव्हे, अकलेची गोष्ट आहे असं माझं मत होतं. एक पायरी, एक श्वास. पहिला जिना मी असा उतरलो की कोणी बघायला नाही याचं वाईट वाटलं. दुसऱ्या जिन्याच्या शेवटच्या चार पायऱ्या राहिल्या असताना कूलरचा एक पाय कठड्यात अडकला, मी तो सोडवायला गेलो आणि कूलर माझ्या अंगावर सुटला. मी डावखुरा आहे. जे काही पडतं ते मी डाव्या हाताने धरतो. हात कोपरात वाकलेला, वरून कूलरचं सगळं वजन, आणि कोपराच्या आत कुठेतरी टक्क असा आवाज झाला. मोठा नव्हता. सुकलेली शेंग मोडावी एवढाच. पण तो कानाने ऐकू आला नाही, आतून ऐकू आला.

कूलर मात्र वाचला. हे मी अभिमानाने नाही, नोंद म्हणून सांगतो.

तारा आली तेव्हा कूलर खिडकीपाशी उभा होता आणि मी पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून खुर्चीत बसलो होतो. “आला वाटते धोंडबा?” तिने पिशवी ठेवत विचारलं.

आता इथे मला ‘नाही’ हा दोन अक्षरांचा शब्द म्हणायचा होता. मी म्हणालो, “आला होता. घाईत होता, चहाही नाही घेतला.”

बघा, चहासुद्धा घातला मी त्यात. खोटं बोलणाऱ्या माणसाला तपशिलाची फार हौस असते, हे मी कचेरीत शेकडो अर्जांवर पाहिलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी कोपराच्या खळगीत जांभळाच्या रंगाचा डाग उमटला आणि हाताच्या पंजाकडे सरकायला लागला. चाळीस डिग्रीत मी बाह्यांची बटणं लावून फिरत होतो. कण्हलो तेव्हा तारा म्हणाली काय झालं, मी म्हणालो उशीवर वाकडा झोपलो, खांदा आखडला. कोपर म्हटलं असतं तर बाही वर गेली असती. खांदा ही त्या मानाने सोयीची जागा होती. तिने हळद उगाळून खांद्याला लेप दिला आणि ती स्वयंपाकघरात गेल्यावर उरलेला लेप मी स्वतः कोपरापर्यंत फासून टाकला. नंतर डाग निळ्याचा पिवळा झाला, तेव्हा तर मला वाटलं, परमेश्वरसुद्धा माझ्या बाजूने आहे.

सहाव्या दिवशी तिने मला ओढूनच गल्लीतल्या डॉक्टरांकडे नेलं. हे डॉक्टर आमच्या घरातल्या तीन पिढ्यांचे ताप बघत आले आहेत. त्यांनी सांगितलं, शर्ट काढा. मी म्हटलं, हात वर होत नाही. मग त्यांनी कॉलर बाजूला सारून खांदा दाबून पाहिला.

“काही जड उचललं होतं का?” त्यांनी मला विचारलं.

मी तोंड उघडलं, पण उत्तर ताराने दिलं. “नाही नाही डॉक्टरसाहेब. कूलर होता, पण तो धोंडबाने उतरवला. मी यांना हातच नाही लावू देत.”

केवढ्या विश्वासाने बोलली ती! मी मान हलवली. त्या एका मान हलवण्याची मला आजवर जितकी लाज वाटली तितकी कशाचीच नाही. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली: डाव्या खांद्याची सोनोग्राफी. “करून घ्या. काही असलं तर दिसून येईल,” ते म्हणाले. खांद्यात काही नव्हतंच, त्यामुळे तिथे ते दिसणारही नव्हतं, आणि हे त्या खोलीत फक्त मला ठाऊक होतं.

सोनोग्राफीची बातमी तारामुळे संध्याकाळपर्यंत तिसऱ्या मजल्यावर पोहोचली आणि नत्थूजी मार्गदर्शनासाठी खाली आले. त्यांना मुतखड्याचा जुना त्रास आहे. नागपूरच्या उन्हात ज्याला मुतखडा नाही तो माणूस इथला नाहीच, असं ते मानतात. त्यांच्या आजवर सात सोनोग्राफ्या झाल्या असल्याने या विषयातला त्यांचा शब्द अखेरचा होता.

“सकाळी उठल्यापासून पाणी प्या. निदान दीड लिटर. टंकी फुल्ल पायजे.”

“पण नत्थूजी, माझा खांदा…”

“खांदा असो नाही तं डोकं असो, मशीन तं तेच आहे ना? पाणी नसलं की काही दिसत नाही म्हणतात अन् वापस पाठवतात. मले दोनदा पाठवलं. अन् एक सांगतो, बाथरूमले नाही जायचं. गेले की झालं, पुन्हा पहिल्यापासून भरा.”

मला शंका आली होती. पण ज्याच्या सात झाल्या त्याच्यापुढे ज्याची एकही झाली नाही त्याने काय बोलावं? शिवाय कागद परत येणं या गोष्टीची मला मनापासून भीती आहे, कारण आयुष्यभर मीच ते परत पाठवले आहेत. सकाळी मी दीड लिटर मोजून प्यालो आणि वर सुरक्षितता म्हणून दोन ग्लास.

सोनोग्राफीच्या दवाखान्यात बाकांवर सगळ्या गरोदर बायका आणि त्यांच्या सासवा. भिंतीवर मोठ्या अक्षरात पाटी, इथे गर्भलिंग तपासणी केली जात नाही. खिडकीतल्या मुलीने मला सगळ्यांना देतात तोच छापील फॉर्म दिला. त्यात एक रकाना पतीच्या नावाचा होता आणि त्याखालचा त्याहून अवघड होता. रकाना कोरा सोडलेला अर्ज मी जन्मात स्वीकारलेला नाही. मी दोन्हीपुढे स्वच्छ अक्षरात ‘लागू नाही’ लिहिलं आणि सही केली.

“काका, ते सोडून द्यायचं असते,” ती मुलगी म्हणाली.

“कोरं सोडलं की मागाहून कोणीही भरू शकतं,” मी तिला समजावलं. तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग ताराला म्हणाली, “नातेवाइकांना आत नाही सोडत, काकू. तुम्ही इथेच बसा.”

माझा नंबर चौदावा होता. सातव्या नंबरापर्यंत मी ताठ बसलो होतो. नवव्याला पाय जुळवून बसलो. अकराव्याला उठून भिंतीवरच्या बाळाच्या चित्राकडे तोंड करून उभा राहिलो, आणि बाराव्याला समोरची एक सासूबाई ताराला म्हणाली, “अवं बाई, आमची थांबंन, पण तुझ्या नवऱ्याले आधी सोड. त्याच्यानं दम नाही धरवत.” नऊ महिने भरलेल्या एका बाईने मला आपला नंबर दिला. मी तो घेतला. माणसाची शान कुठवर टिकते याचा मला तिथे नेमका आकडा मिळाला.

आतल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. दारावर नाव होतं, डॉक्टर मेघा. मी टेबलावर आडवा झालो, शर्टची खालची बटणं सोडली आणि पोट उघडं करून डोळे मिटले.

“काका,” त्या म्हणाल्या, “चिठ्ठीवर खांदा लिहिलाय ना?”

“हो.”

“मग पोट कशाला?”

मी डोळे उघडले. “पाणी पिऊन आलोय,” मी म्हणालो. “दीड लिटर. वर दोन ग्लास.”

त्यांनी तोंड दुसरीकडे फिरवलं. त्या हसत होत्या की खोकत होत्या ते मी बघितलं नाही. मग त्यांनी खांद्यावर गार जेल लावलं आणि यंत्राचा तो गुळगुळीत ठोकळा फिरवायला सुरुवात केली. ठोकळा खांद्यावर दाबला की त्याचा परिणाम मला भलतीकडेच जाणवत होता. मी छताकडे बघून बेरजा करत होतो.

“खांदा अगदी ठीक दिसतोय,” त्या म्हणाल्या. ठोकळा थांबला. “पण हा दंडावरचा गोळा कधीपासून आहे? दुसऱ्या हाताला नाहीये. आणि ही कातडी पिवळी… हळद आहे की मुका मार?”

मी उजव्या हाताने शर्ट दंडावर ओढला.

“मी कोपराकडून बघू का जरा? दोन-चार मिनिटं लागतील. तुमच्या डॉक्टरांना मी फोन करून सांगते.”

इथे मी थांबतो. हा खुलासा लिहायला घेतला तो या एका जागेसाठी. ती खोली अंधारी होती, तारा बाहेर होती, धोंडबा कन्हानला होता, आणि माझ्यासमोर एक हुशार बाई मला नेमकं तेच विचारत होती जे विचारायला हवं होतं. ‘कूलर मी एकट्याने उचलला, टक्क झालं’ एवढंच म्हणायचं होतं. दोन-चार मिनिटं.

पण दोन-चार मिनिटं माझ्यापाशी नव्हती. एकसुद्धा नव्हतं. आणि तेवढ्यात माझ्यातला आस्थापना शाखेचा बाबूही उठून बसला. मी म्हणालो, “चिठ्ठीवर खांदाच आहे, मॅडम. चिठ्ठीबाहेरचं नको.”

“अहो, पण…”

“नको, नको. एवढंच बास.” आणि मी जेल पुसायच्या आधीच टेबलावरून उतरलो.

“काका, डॉक्टरांना सांगा हं, कोपर बघायला पाहिजे म्हणून,” असं त्या मागून ओरडून म्हणाल्या. मी तेव्हा बाकांच्या रांगेमधून धावत होतो. सगळ्या सासवांनी पाय वर घेतले. परत आलो तेव्हा जगात इतकं सुख असतं हे मला नव्याने कळलं होतं, आणि कोपर हा शब्द त्या सुखात वाहून गेला होता.

पूर्ण गेला होता असं नाही. खरं लिहायचं तर मला आठवत होतं. गल्लीतल्या डॉक्टरांना मी फक्त अहवाल दिला. त्यांनी वाचलं, खांदा ठीक. म्हणाले, या वयात सांधे आखडतात, भिंतीवर बोटं चढवायचा व्यायाम करा. मी ‘बरं’ म्हणालो.

मग पुढचा महिना मी भिंतीवर बोटं चढवली. दुखणं हळूहळू ओसरलं. डाग गेला, तशा मी अर्ध्या बाह्या घालायला लागलो, आणि एके सकाळी नत्थूजींनी जिन्यात मला थांबवलं.

“अरे वा बाप्पा! गिरिधरभाऊ, तुमचा तं डोला निघाला!”

मी दंडाकडे पाहिलं. खरोखरच, दंडाच्या वरच्या बाजूला लिंबाएवढा गोळा आला होता. भिंतीवरच्या व्यायामाने इतका लवकर गुण येईल असं मला वाटलं नव्हतं. “करून राहिलो थोडं थोडं,” मी म्हणालो. त्या दिवशी आरशासमोर मी बराच वेळ होतो. उजव्या दंडाला काहीच नव्हतं, त्याची मला दया आली. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी… नाही, अठ्ठावन्नाव्या. आरशासमोर असताना माझा हिशेब चुकत असे.

एप्रिलच्या शेवटी कूलरचा पंप बंद पडला आणि धोंडबा अखेर आला. दुपार होती. तारा कारागिराला जेवल्याशिवाय पाठवत नाही. तिने पोळी-भाजी वाढली आणि लोणच्याची बरणी काढली. ही बरणी काचेची, फिरकीच्या झाकणाची. तारा झाकण असं आवळते की तिचं तिलाही उघडत नाही. ते उघडणं हे आमच्या संसारातलं माझं खातं आहे. लहानपणी डाव्या हाताने प्रसाद घेतला म्हणून मी खूप बोलणी खाल्ली, पण लग्नानंतर त्याच डाव्या हाताने मला घरात मान मिळवून दिला. गेली एकतीस वर्षं ती न बोलता बरणी पुढे करते आणि मी न बोलता उघडून देतो. इतर बाबतींत आमचं फारसं एकमत नाही.

तिने बरणी दिली. मी डाव्या हाताने झाकण धरलं, पिळलं. हात पिळलाच नाही. म्हणजे पकड होती, इच्छा होती, मधे काहीतरी नव्हतं. मी पुन्हा पिळलं. दंडावरचा गोळा तेवढा वर उडी मारून बसला.

“मीठ धरलं वाटते झाकणाले,” मी म्हणालो.

“आणा इकडे साहेब.” धोंडबाने हात पँटला पुसला आणि एका हिसक्यात झाकण काढलं. मग फोड घेता घेता, अगदी प्रामाणिकपणे म्हणाला, “वैनी, माफी करजा. होळीनंतर मले येताच नाही आलं. पोरीच्या घरी होतो. साहेबांनी एकट्यानेच उतरवला का जी कूलर? बाप्पा, मी असतो तं मीबी नसता उतरवला एकट्यानं.”

ताराने पोळ्यांचा डबा ओढला. त्याला आणखी एक पोळी वाढली. तो जाईपर्यंत ती नेहमीसारखी होती. तो गेल्यावर माझ्यापाशी आली आणि म्हणाली, “कोपर दाखवा.”

मी हात पुढे केला. तिने खळगीत बोट दाबलं. उजव्या हाताला तिथे ताठ दोरी लागते. डाव्याला बोट आत गेलं.

“डॉक्टरने विचारलं होतं, जड उचललं का,” ती म्हणाली. “मीच नाही म्हटलं. तुम्ही बाजूले बसले होते. मले खोटं बोलाले लावलं तुम्ही.”

“मला वाटलं, तू रागावशील.”

“रागावलीच असती. मंग?” ती म्हणाली. “किती दिवस रागावली असती मी?”

याचं उत्तर, जास्तीत जास्त दोन, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी ती मला पुन्हा त्याच दवाखान्यात घेऊन गेली. या खेपेला कोणी पाणी प्यायला सांगितलं नाही. नत्थूजींना आम्ही कळवलंच नव्हतं. डॉक्टर मेघांनी मला बघताच ओळखलं. “तुम्हीच ना ते, पाणी पिऊन आलेले काका?” आणि मग त्यांचं हसू हळूच मावळलं, कारण मी न विचारता सगळं सांगून टाकलं होतं. कूलर, जिना, टक्क.

त्यांनी कोपरावर ठोकळा फिरवला आणि पडदा माझ्याकडे वळवला. करड्या रंगाच्या रेघा होत्या. “दंडाच्या स्नायूला हाडाशी बांधणारी एक दोरी असते,” त्या म्हणाल्या. “ती इथे, या हाडाला असायला हवी. इथे रिकामं आहे बघा. आता वर येऊ… वर… वर… हं. हे तिचं तुटलेलं टोक. गुंडाळून बसलंय. सहा सेंटीमीटर वर सरकलंय.”

“म्हणजे तो डोला…”

“डोला नाही काका. खालून सुटलेला स्नायू वर गोळा झालाय.”

मी त्या टोकाकडे पाहत राहिलो. पडद्यावर ते अगदी लहान दिसत होतं. “लवकर आलो असतो तर?” मी विचारलं.

“पहिल्या दोन-तीन आठवड्यांत सहसा सरळ जोडता येते,” त्या म्हणाल्या, आणि थांबल्या. मी सातव्या दिवशी याच टेबलावर होतो, हे आम्ही दोघांनीही बोलून दाखवलं नाही. त्यांच्या चांगुलपणामुळे मला जास्तच वाईट वाटलं.

पुढे हाडांच्या मोठ्या डॉक्टरांनी पाहिलं. आता जोडायचं तर दुसरीकडून दोरी काढून लावावी लागेल, एवढी मोठी शस्त्रक्रिया करूनही खात्री नाही, त्यापेक्षा आहे तसं राहा, असं त्यांनी सांगितलं. हात वाकेल. पिशवी उचलता येईल. पण तळवा वर वळवायचा जोर परत येणार नाही. मी विचारलं, म्हणजे कशात अडेल? ते म्हणाले, “डाव्या हाताने झाकण वगैरे उघडता का?”

तारा शेजारी बसली होती. तिने खिडकीबाहेर पाहिलं.

यानंतर मी मनातून खचलो. जूनमध्ये तिने नवं लोणचं घातलं. आणि मग एक नवलाची गोष्ट घडायला लागली. बरणी उघडायला लागली. एका दुपारी मी सहज हात लावला आणि झाकण डाव्या हाताने फिरलं. साखरेचा डबा फिरला. चहाचा फिरला. मोठ्या डॉक्टरांना काय कळतं, मी मनात म्हणालो. जिन्यात नत्थूजी भेटले तेव्हा त्यांना मुद्दाम सांगितलं, “हात सुधरून राहिला, नत्थूजी. झाकणं उघडतो आता.” ते म्हणाले, “मी तं म्हणतच होतो, पाणी जास्त प्या.” त्या आनंदात साखरेला मुंग्या लागल्या, चहा सादळला, आणि या सगळ्यांचा एकमेकांशी काही संबंध असेल असं माझ्या डोक्यातही आलं नाही. अर्जातली एक विसंगती मी दहा फुटांवरून ओळखत असे.

ऑगस्टमध्ये लोणच्याला बुरशी आली. एकतीस वर्षांत ताराच्या लोणच्याला बुरशी आलेली मी पाहिली नव्हती. शेजारणी तिच्याकडून विचारून घेतात. मला वाटलं, आता ती मीठ, पाऊस, आंबे यांपैकी कोणाला तरी बोल लावेल. तिने सरळ सगळी बरणी रिकामी केली, धुतली, उन्हात वाळवली, आणि बहिणीकडून आणलेलं थोडं लोणचं तिच्यात भरलं.

मी दाराशी उभा होतो. तिने झाकण लावलं आणि सवयीने आवळलं, नेहमीसारखं, दात ओठ खाऊन. मग तिचा हात थांबला. तिने ते झाकण अर्धा फेरा उलटं फिरवलं आणि सैल करून ठेवलं.

मी तसाच उभा राहिलो. मला एकदम सगळे डबे आठवले. मुंग्या आठवल्या. नत्थूजींना जिन्यात काय सांगितलं होतं ते आठवलं.

“तारा,” मी म्हणालो, “घट्ट लाव.”

तिने वळून पाहिलं. “मंग तुम्हाले उघडणार नाही.”

“नाही उघडणार,” मी म्हणालो. “हात गेला माझा. मी एकट्याने कूलर उचलला, तुझ्याशी खोटं बोललो, आणि हात गेला. मले नाही उघडत झाकण.”

तिने बरणी घेतली आणि झाकण पूर्ण आवळलं. पदराने काच पुसली.

“एवढंच मार्चात म्हटलं असतं तं,” ती म्हणाली, आणि बरणी फळीवर ठेवली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

जेवायची वेळ झाली तेव्हा मी बरणी उजव्या हातात घेतली, तिसऱ्या मजल्यावर गेलो आणि नत्थूजींच्या दाराची कडी वाजवली. आता रोज जातो. ते रोज उघडून देतात.